रजेवर आलेला जवान आणि जुन्या गाडीचा व्यवहार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातारा, कराड आणि सांगली परिसरात जुन्या चारचाकी गाड्यांच्या खरेदी-विक्रीची दुकाने गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहेत आणि त्यांच्या गिऱ्हाइकांत रजेवर आलेल्या तरुण जवानांचा भरणा डोळ्यांत भरण्याइतका आहे. मी सैन्याच्या ईएमई विभागात वाहनदुरुस्तीचे काम करून निवृत्त झालो आणि सध्या कोरेगाव तालुक्यात राहतो. आसपासची मुले गाडी घेण्यापूर्वी, आणि दुर्दैवाने बहुतेक वेळा घेतल्यानंतर, ती दाखवायला माझ्याकडे आणतात. त्यातून जे दिसले ते आपल्या वृत्तपत्राद्वारे जवानांच्या घरच्यांपर्यंत आणि संबंधित कार्यालयांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जवान फसतो तो भोळा असतो म्हणून, असे अनेकांना वाटते. माझे मत वेगळे आहे. तो फसतो त्याचे कारण त्याच्याकडे वेळ नसतो. अग्निवीराला वर्षाकाठी ३० दिवसांची रजा मिळते. त्यात येण्याजाण्याचा प्रवास, गावची यात्रा, एखादे लग्न, घराचे राहिलेले बांधकाम आणि आईवडिलांचा दवाखाना एवढे सगळे बसवायचे असते. अशा मुलाने गाडी घ्यायचे मनात आणले की त्याची परतीची तारीख आधी एजंटाला कळते आणि मग व्यवहाराचा वेग ती तारीख ठरवते. गावातल्या शिक्षकाला किंवा दुकानदाराला विक्रेता ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतो, कारण तो पुढच्या आठवड्यात येणारच असतो. जवानाला मात्र ‘आज विसार दिला नाही तर संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक गाडी नेईल’ असे सांगितले जाते. खात्यात दरमहा नेमाने पगार जमा होतो, घरी पहिल्यांदाच चारचाकी येणार असते, आणि ज्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले, त्या जिल्ह्यात ‘फौजी’ म्हटल्यावर मिळणारा मान विक्रेताही तोंडभरून देतो. चहा येतो, हार घालून फोटो निघतो, आणि कागद वाचायचे राहून जातात.

शेजारच्या गावातील एका मुलाचे उदाहरण देतो. त्याने महामार्गालगतच्या एका विक्रेत्याकडून डिझेल गाडी घेतली, ठरलेली रक्कम एकरकमी दिली, टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी नावावर करण्याच्या अर्जावर, सह्या केल्या आणि ‘महिन्याभरात आरसी बुक घरपोच येईल’ या शब्दावर विसंबून तो लडाखला युनिटमध्ये परतला. आरसी आलीच नाही. वडील दुकानात खेटे घालत राहिले आणि दर वेळी ‘फाइल आरटीओत आहे’ एवढेच उत्तर मिळत गेले. प्रत्यक्षात गाडीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा तसाच होता, कर्ज फिटल्याचा वित्तसंस्थेचा दाखला कोणी आणलाच नव्हता, आणि विक्रेत्याने ज्याच्याकडून गाडी घेतली तो मूळ मालकही नव्हता. मुलाला फोन लागायचा तो आठवड्यातून कधीतरी, आणि तेवढ्या वेळात घरची खुशाली विचारायची की गाडीची भानगड ऐकायची, हा प्रश्नच होता.

या ठिकाणी कायदा काय सांगतो, ते थोडे तपशिलाने लिहितो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत, आणि परराज्यातील व्यवहार असल्यास ४५ दिवसांच्या आत, हस्तांतरणाची माहिती नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यायची असते. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आपल्या नावावर नोंद करून घ्यायची असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटले असल्यास बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५, आणि गाडी दुसऱ्या नोंदणी कार्यालयाच्या हद्दीतील असल्यास फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले, की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांत फिरली असली, तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते. म्हणून कोऱ्या टीटी फॉर्मवर सही घेऊन गाडी हातोहात फिरवण्याचा जो धंदा चालतो, त्यात घेणारा आणि विकणारा दोघेही अडकतात. पोस्टिंग बदलली म्हणून आपली जुनी मोटारसायकल घाईघाईने कोणाला तरी देऊन टाकणारे जवान या दुसऱ्या बाजूने सापडतात. वर्षभराने भलत्याच शहरातली ई-चलने, आणि क्वचित पोलिसांचा फोनही, त्यांनाच येतो. विम्याचेही तसेच आहे. तिसऱ्या पक्षासाठीचे विमा संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते असे कायदा मानतो, परंतु नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घेतली नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता दाट असते. नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, तर आधीच्या मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो गाडीच्या किमतीत धरून सांगणारा विक्रेता खोटे बोलत असतो.

यावर माझा सल्ला एकच असतो, आणि तो ऐकणाऱ्याला नेहमी कडू लागतो. आरसीवर नाव चढेपर्यंत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. विक्रेत्याला टोचेल एवढी रक्कम हातात राखून ठेवावी आणि ती नाव चढल्यावर देण्याची अट इसार पावतीवर लिहून घ्यावी. जो विक्रेता या अटीला तयार होत नाही, त्याच्याकडची गाडी कितीही चकचकीत असली तरी सोडून द्यावी. गाडी पाहायची तर रजेच्या पहिल्या आठवड्यात पाहावी; शेवटच्या आठवड्यात पाहायचीच नाही. आणि जवान स्वतः वर्षातले अकरा महिने बाहेर राहणार असेल, गाडी घरच्यांसाठीच असेल, तर ती वडिलांच्या किंवा पत्नीच्या नावावर घेण्यात कसलाही कमीपणा नाही. सहीला, तपासणीला आणि भांडायला माणूस गावातच हजर असतो, एवढ्या एका गोष्टीने निम्म्या अडचणी उभ्याच राहत नाहीत.

आता आपल्या भागाच्या खास दुखण्याकडे येतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरले. त्या दोन्ही वेळी असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. विमा कंपनीने पूर्ण नुकसान मानून ज्यांचे पैसे दिले त्या गाड्या भंगारात म्हणून लिलावाने विकल्या जातात, आणि त्यांतल्या काही धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरे चढवून पुन्हा रस्त्यावर येतात. अशी गाडी दोन-चार महिने बिनतक्रार चालते. मग वायरिंगचे जोड गंजू लागतात, पॉवर विंडो अडकते, एअरबॅगचा दिवा लागून राहतो, आणि पावसाळ्यात ऐन घाटात गाडी बंद पडते. वरून पॉलिश केलेल्या पत्र्यावरून यातले काहीही कळत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहिलेली असते. सीटखालच्या रुळांचे आणि बोल्टांचे गंजलेपण, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात साचलेली बारीक माती, फ्यूज बॉक्सच्या टोकांवरचा हिरवट गंज, आणि काचा बंद करून एसी चालवल्यावर येणारा कुबट वास, या खुणा सहसा पुसल्या जात नाहीत, कारण तेवढे कष्ट घेण्याइतका नफा त्यात नसतो. गालिचा उचलू न देणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलूच नये. ठोकलेल्या गाडीचेही असेच आहे. बोनेट आणि डिकीच्या पत्र्याखालचे कारखान्यातले स्पॉट वेल्डिंग एका ठरावीक अंतराने असते. तिथे वेडेवाकडे वेल्डिंग किंवा लांबीचा (पुट्टीचा) जाड थर दिसला की गाडीला मोठा मार बसलेला आहे हे समजावे. किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे तर आता इतके सोपे झाले आहे, की त्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा पेडलचे झिजलेले रबर, ड्रायव्हर सीटची बाजू आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी पाहाव्यात.

‘दिल्ली पासिंग’ गाड्यांबद्दलही बोलले पाहिजे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्ली व राजधानी परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांना प्रतिबंध करणारे आदेश दिल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत जाऊ लागल्या. उत्तरेत पोस्टिंग असलेल्या जवानाला ती किंमत भुरळ घालते. पण १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात ठेवायची गाडी इथे पुन्हा नोंदवावी लागते, तिचा इथला रस्ता कर भरावा लागतो, आणि पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण व पर्यावरण कर हेही मागे लागते. हे सगळे मिळवल्यावर स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही. २०२१ पासून सुरू झालेल्या बीएच (भारत) मालिकेच्या, म्हणजे राज्य बदलले तरी पुन्हा नोंदणी न लागणाऱ्या, क्रमांकाची गाडी घेतानाही सावध राहावे, कारण तिचा रस्ता कर साधारणतः दोन-दोन वर्षांचाच भरलेला असतो. ‘आयुष्यभराचा कर भरलेला आहे’ हे वाक्य अशा गाडीला लागू पडत नाही.

कर्जाचा भाग मला सर्वांत काळजीचा वाटतो. दुकानातच टेबलावर कर्ज करून देणारा माणूस बसलेला असतो, आणि तो व्याजाचा दर ‘फ्लॅट’ सांगतो, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागते. तीन लाख रुपये तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले, तर व्याज १,०८,००० रुपये आणि हप्ता सुमारे ११,३३३ रुपये होतो. हेच कर्ज १२ टक्के घटत्या शिल्लकेवर मिळाले, तर हप्ता ९,९६४ रुपयांच्या आसपास बसतो आणि व्याज साठ हजारांच्या आतच राहते. म्हणजे १२ टक्के फ्लॅट हा खरा दर २१ टक्क्यांच्या घरात जातो. अग्निवीराला पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये ठरलेले असले, तरी ३० टक्के रक्कम सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या निधीत, वळती होऊन हातात २१,००० येतात. त्यातून ११ हजारांचा हप्ता काढल्यावर घरी काय पाठवायचे? शिवाय सेवा चार वर्षांची, आणि चौघांपैकी तिघे परत येणार हे ठरलेले, अशा स्थितीत पाच वर्षांच्या हप्त्यांचा करार कोणी त्याच्यापुढे ठेवतो तेव्हा शेवटचे वर्ष कशातून भरायचे याचा विचार त्या टेबलावर कोणीच करत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत खरा वार्षिक दर आणि सगळे शुल्क दाखवणारे एक-दोन पानी विवरण देणे बँका आणि वित्तसंस्थांना बंधनकारक आहे. तो कागद मागावा, आणि त्याआधी आपला पगार जमा होतो त्या बँकेत चौकशी करावी.

विक्रेत्यांनाही नियम आहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये केलेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यायचे असते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन सूचना गेली, की गाडीची जबाबदारी त्या विक्रेत्यावर येते. हे अधिकारपत्र भिंतीवर दिसत नसेल तर विचारायचे. जीएसटीच्या नावाखालीही अनेकदा जादा पैसे काढले जातात. नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या गाडीवर १८ टक्के कर लागतो तो त्याच्या नफ्याच्या फरकावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. आणि दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहाराला तो लागतच नाही.

अमेरिकेत हा प्रश्न लष्करी तळांच्या दारातच उभा राहिल्यामुळे तिथे काही उपाय झाले. २००६ च्या कायद्याने सैनिकांना दिल्या जाणाऱ्या अनेक प्रकारच्या कर्जांवर वर्षाला ३६ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली, पण गंमत अशी की गाडी घेण्यासाठी त्याच गाडीच्या तारणावर घेतलेले कर्ज त्यातून वगळलेले आहे. मला त्यापेक्षा उपयोगी वाटतात त्या दोन साध्या गोष्टी. १९८५ पासून तिथे विक्रेत्याला प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेवर एक छापील पत्रक लावावे लागते आणि त्यावर गाडीला हमी आहे की ती ‘आहे त्या स्थितीत’ विकली जात आहे हे लिहावे लागते. आणि सैनिकांना वारंवार नाडणाऱ्या दुकानाला तळाचा कमांडर बंदी असलेल्या ठिकाणांच्या यादीत घालू शकतो. ‘आउट ऑफ बाउंड्स’ची (जवानांना प्रवेश बंद) पाटी आपल्या छावण्यांनाही नवी नाही.

फसवणूक झालीच तर दाद कुठे मागायची, हेही थोडक्यात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ती ऑनलाइन दाखल होते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. हा मार्ग विक्रेत्याविरुद्ध आहे. शेजाऱ्याकडून खासगीत घेतलेल्या गाडीला तो चालत नाही. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाचा दावा त्याच्या अनुपस्थितीत निकाली निघू नये यासाठी १९२५ चा इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट आजही आहे, पण तो न्यायालयात पोहोचल्यानंतरचा आधार झाला.

म्हणून माझी मागणी व्यवहाराच्या आधीच्या टप्प्यासाठी आहे. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी ईएमईमधून आणि एएससीच्या (आर्मी सर्व्हिस कोअर) वाहन विभागातून निवृत्त झालेल्या मेकॅनिक व चालकांची तालुकावार यादी करावी. आपल्या भागात असा माणूस जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहे, आणि रजेवरच्या मुलाची गाडी तासभर पाहून देण्यास तो पैसे मागणार नाही. प्रादेशिक परिवहन कार्यालयांनी अधिकृत विक्रेत्यांची नावे फलकावर लावावीत, आणि रजेचा दाखला दाखवणाऱ्या जवानाच्या हस्तांतरणाच्या अर्जाला आठवड्यातला एखादा दिवस प्राधान्य द्यावे. अर्ज ऑनलाइन भरता येत असला, तरी त्रुटी निघाली की जवानाच्या हातात दिवस उरत नाहीत. युनिटमध्ये रजेवर सोडण्यापूर्वी सैनिक संमेलनात दारू आणि वाहतूक नियमांबद्दल बोलतात. त्यात पाच मिनिटे या विषयाला दिली तर पुष्कळ होईल. एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा पाहता येतो, एवढे जरी तिथे दाखवले तरी चालेल. लष्करी गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवून ‘बदली झाली म्हणून गाडी स्वस्तात देतो’ म्हणणारे ऑनलाइन भामटे जवानांनाही गंडा घालतात, हेही तिथेच सांगावे. खरा जवान गाडी दाखवल्याशिवाय आगाऊ पैसे मागत नाही.

ही यादी लवकर व्हावी, याला कारण आहे. २०२२ च्या योजनेतून भरती झालेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतील, आणि परतणाऱ्या प्रत्येकाच्या हातात सेवा निधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये असतील. ती रक्कम शिक्षणासाठी, धंद्यासाठी किंवा विहिरीसाठी आहे हे त्याला घरचे सांगतीलच. पण महामार्गालगतच्या दुकानांनाही ती तारीख माहीत आहे. कोरेगाव तालुक्यातील यादीसाठी सैनिक कल्याण कार्यालयाने बोलावले, तर मी आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेले काही जण येण्यास तयार आहोत.

आपला,
एक निवृत्त सुभेदार (ईएमई)
ता. कोरेगाव, जि. सातारा